पालशेतकर काकांना न सांगितलेला पत्ता

सर्वात आधी माफी मागतो. गेलेल्या माणसाबद्दल लिहावं ते त्याला नीट ओळखणाऱ्यांनी, एवढं मला कळतं. पालशेतकर काकांच्या गच्चीवर पंधरा-पंधरा वर्षं योगासनं करायला येणारी माणसं आहेत. मी जेमतेम चौदा महिने गेलो. शिवाय मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. वडिलांनी आजवर लिहिलेला सर्वात मोठा मजकूर म्हणजे बँकेचा फॉर्म, आणि तोही अर्धा मीच भरलेला. हा कागद मी चार वेळा फाडला आहे. पुरवणीत माणसं मोठमोठ्या लोकांच्या आठवणी लिहितात, तिथे भाईंदरच्या एका शिंप्याची आठवण कोण वाचेल, असंही वाटलं. तरी लिहितो आहे, कारण काकांबद्दलची एक गोष्ट माझ्याशिवाय दुसरं कुणी लिहू शकणार नाही. मी त्यांच्याशी खोटं बोललो होतो. साधंच खोटं होतं, पण ते मला त्यांच्यासमोर उभं राहून परत घ्यायचं होतं. निकाल लागला की जाऊ, असं म्हणत मी थांबलो... काका मे महिन्यात गेले. मला जूनमध्ये कळलं.

मी भाईंदर पूर्वेला राहतो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मला कुणीतरी सांगितलं की मीरा रोडला, शांती नगरच्या कडेला, एक फुकट अभ्यासिका आहे. घरी एकच खोली, त्यात आई नकली दागिन्यांवर खडे चिकटवायचं काम करते, त्यामुळे दिवसा घरात पाय पसरायलाही जागा नसते. अभ्यासिका सातला उघडायची आणि पंख्याखाली टेबलं चारच. म्हणून मी सव्वापाचला घरून निघून चालत यायचो आणि अभ्यासिका ज्या चार मजली जुन्या इमारतीत होती तिच्या पायरीवर बसून राहायचो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वरून आवाज ऐकू आला. गच्चीवरून कुणीतरी म्हातारा माणूस संथपणे सांगत होता, "घ्या आत... अजून घ्या... थांबू नका, अजून कापड शिल्लक आहे..." मला वाटलं वर शिवणाचा क्लास चालू आहे. इतक्या पहाटे कोण शिवतं, म्हणून मी वर बघत होतो, तेव्हा कठड्यावरून एक डोकं डोकावलं. "काय रे, रोज खालीच बसतोस तो? वर ये. उजेड वर जास्त आहे."

मी वर गेलो. दहा-बारा माणसं सतरंज्या घालून बसली होती. काकांनी मला उभं केलं, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "डावा खांदा पाऊण इंच खाली. बॅग कुठल्या खांद्यावर असते?" मी डावा दाखवला. "आणि मान पुढे. लाजतोस का रे सारखा?" सगळे हसले. ते खरं होतं. नंतर कळलं की काकांनी चाळीस वर्षं भाईंदरला शिवणकाम केलं होतं, शर्ट-पँटचं छोटं दुकान होतं. माणसाकडे बघितलं की त्यांना आधी माप दिसायचं, मग चेहरा. श्वास भरून छाती किती फुगते तेही ते कधीकधी टेपनं बघायचे. माझी पहिल्या दिवशी जेमतेम एक इंच फुगली. गीताबेन म्हणून साठीच्या एक बाई होत्या, त्या सगळ्यांत जुन्या. त्या म्हणाल्या, "मास्टरजी, इससे ज़्यादा तो मेरी रोटी फूलती है." काका हसले नाहीत. मला म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. कापड आहे आत. घडी उलगडायची राहिलीय एवढंच."

काका योगासनांकडे कसे आले ते त्यांनीच एकदा सांगितलं. पन्नाशीत मशीनवर वाकून वाकून त्यांची मान धरली, पाठ वाकली आणि उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. सुईत दोरा ओवता येईना. शिंप्याला दोरा ओवता आला नाही तर त्यानं करायचं काय? त्यांच्या एका गिऱ्हाइकानं, ते शाळेत कवायत शिकवायचे, दुकान बंद झाल्यावर त्यांना कटिंगच्या टेबलावर झोपवून एकेक आसन शिकवायला सुरुवात केली. सुरुवातीचे तीन महिने काहीच फरक पडला नाही. काका हे मुद्दाम सांगायचे. "तीन महिने मी त्या माणसाला मनातून शिव्या देत होतो," म्हणायचे. मग एके दिवशी सकाळी त्यांच्या लक्षात आलं की आपण उशीवरून मान हातानं न उचलता उठलोय. दीड वर्षानं बोटांत जीव आला. चौऱ्याहत्तराव्या वर्षीसुद्धा ते जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि हात न टेकता उभे राहायचे, तेव्हा आम्ही विशीतली मुलं गुडघ्यावर हात ठेवून उठत असायचो. पण त्यांनी कधी चमत्कार सांगितले नाहीत. स्वतः रक्तदाबाची गोळी घ्यायचे. कुणी विचारलं की योगानं साखर जाईल का, गोळी बंद करू का, तर म्हणायचे, "गोळी गोळीचं काम करते, आसन आसनाचं. दोघांची भांडणं लावू नका. डॉक्टरला विचारा."

त्यांना अभिमान होता तो फक्त एका गोष्टीचा, आठवणीचा. शिंपी लोक गिऱ्हाइकाचं माप वहीत लिहितात आणि पानाला कापडाचा तुकडा टाचून ठेवतात. काकांनी उभ्या आयुष्यात मापाची वही ठेवली नाही. आठ वर्षांनी परत आलेल्या माणसाला ते दारातच म्हणायचे, "छाती अडतीस होती, आता चाळीस झालीय. पोटाचं मी विचारत नाही." गच्चीवरही हजेरी नव्हती, नावांची यादी नव्हती. व्हॉट्सॲपचा ग्रुप करू म्हटलं तर म्हणाले, "ग्रुपवर फुलं येतात, माणसं येत नाहीत." कुणाचा कुठला गुडघा दुखतो, कुणाला चक्कर येते म्हणून डोकं खाली घालायचं नाही, कुणाच्या पाठीत कितव्या मणक्यापाशी गडबड आहे, कुणाचं ऑपरेशन कधी झालं, सगळं त्यांच्या डोक्यात. आणि हे सगळं टिकलं ते रोजच्या अर्ध्या तासाच्या श्वासामुळे, असं ते म्हणायचे. "सकाळी डोकं झाडून घेतलं की दिवसभराचं सामान नीट लागतं," असं काहीसं.

आता ते खोटं. पहिल्याच दिवशी शवासन झाल्यावर सगळे सतरंज्या गुंडाळत होते आणि गीताबेननी विचारलं, "बेटा, रहते कहाँ हो?" शांती नगरातली माणसं एकमेकांची ओळख सेक्टरनं देतात. हे सेक्टर चार, त्या सेक्टर दहा. सगळ्यांच्या सोसायट्या, सगळ्यांच्या लिफ्ट. मी भाईंदरची चाळ म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "सेक्टर आठ." त्यांनी लगेच इमारत विचारली. तीही मी सांगितली. "सी विंग, चारशे तीन," हेसुद्धा सांगितलं, कुणी विचारलं नसताना. ते सांगताना मला अडखळावं लागलं नाही, कारण ते घर खरंच होतं. मी लहान असताना आई तिथे पोळ्या करायला जायची आणि मी त्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, सिलिंडरच्या बाजूला, गृहपाठ करत बसायचो. मग त्या लोकांनी फ्लॅट विकला आणि आईचं काम सुटलं. मला शाळेत असताना वाटायचं की मोठेपणी आपला पत्ता असा असावा. बस, तो मी देऊन टाकला. काका बाजूला उभे होते. ते फक्त "हं" म्हणाले. त्यांचं ते "हं" म्हणजे माप घेतल्यासारखंच असायचं.

रोजच्या दिवशी काही अडचण नव्हती, कारण सातला मी खाली अभ्यासिकेत शिरायचो. पण रविवारी अभ्यासिका बंद. रविवारी गीताबेन म्हणायच्या, "चल, साथ में जाते हैं," आणि मला त्यांच्याबरोबर शांती नगरात चालत जावं लागायचं. त्या आपल्या वळणावर वळेपर्यंत मी सेक्टर आठच्या गेटपाशी उभा राहायचो, त्यांना हात करायचो, वॉचमन माझ्याकडे बघायचा, आणि त्या दिसेनाशा झाल्या की मागे फिरून पाऊण तास चालत घरी. वर्षभर मी दर रविवारी हे केलं. आता लिहिताना लाज वाटते. तेव्हा लाज वेगळ्याच गोष्टीची वाटायची.

योगानं मला काय दिलं ते नीट सांगायला हवं, नाहीतर काकांवर अन्याय होईल. कॉलेजात मला उभं राहून बोलायचं म्हटलं की छातीत धडधडायला लागायचं, हात थरथरायचे आणि घशातून आवाजच निघायचा नाही. एकदा हजेरीला "येस सर"सुद्धा निघालं नाही आणि माझी गैरहजेरी लागली. रात्री अंथरुणावर पडलो की दिवसभर न बोललेली सगळी वाक्यं डोक्यात फिरत राहायची. काकांना मी हे सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्या श्वासावरून ओळखलं. "तू श्वास घेतोस, पण सोडत नाहीस," ते म्हणाले. "कंजूषपणा करतोस. घेताना मोजू नको. सोडताना मोज. चारनं सुरू कर." चारचे आठ व्हायला मला पाच महिने लागले. पुढे वाकायच्या आसनात माझी बोटं पायापासून वीतभर लांब राहायची. काका त्यांच्या शिवणकामाच्या खडूनं माझी बोटं जिथे पोचली तिथे लादीवर रेघ मारायचे. "उद्या ह्याच्यापुढे यायला पाहिजे असं नाही," म्हणायचे. "मागे जाऊ नये एवढंच बघ." गीताबेन बाजूनं, "बीस साल का लड़का है और घुटने मुझसे ज़्यादा आवाज़ करते हैं." पण रेघ हळूहळू सरकत होती. दिवाळीनंतर एकदा माझी बोटं पायाला लागली तेव्हा त्याच गीताबेननी सगळ्यांना खाखरे वाटले.

त्याच सुमाराला कॉलेजात प्रत्येकानं दहा मिनिटं उभं राहून विषय मांडायचा होता. मी नाव पुकारायच्या आधी बाकावर बसून आठपर्यंत मोजत श्वास सोडला, सहा-सात वेळा. धडधड गेली नाही, पण ती लांब कुठेतरी व्हायला लागली, शेजारच्या खोलीत व्हावी तशी. मी बोललो. फार चांगलं नाही, पण शेवटपर्यंत बोललो. दुसऱ्या दिवशी धावत जाऊन काकांना सांगितलं. ते म्हणाले, "आणि बोलताना खांदे कुठे होते?"

"माहीत नाही काका."

"मग बरोबर होते. वर असते तर कळलं असतं."

मला झोप लागायला लागली. आईनं एकदा म्हटलं, "तू आताशा घरात आपटत नाहीस वस्तू." मला माहीतही नव्हतं मी आपटत होतो ते. पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळी होती. गच्चीवरून उतरलो की दिवसभरात माझ्याशी फारसं कुणी बोलायचं नाही. कॉलेजातली मुलं आपापल्या घोळक्यात. वडील स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायच्या कारखान्यातून काळे होऊन यायचे आणि जेवून आडवे व्हायचे. आई मान खाली घालून खडे चिकटवत असायची, हूं-हूं करायची. रोज सकाळी "झोप लागली का रे?" असं मला विचारणारा माणूस एकच होता, आणि त्याला मी राहतो कुठे हेसुद्धा खरं सांगितलं नव्हतं. त्यामुळे त्या गच्चीवर सुद्धा मी थोडा एकटाच असायचो. काकांनी पाठीवर हात ठेवला की वाटायचं, हा हात सेक्टर आठमधल्या मुलाच्या पाठीवर आहे.

वडिलांच्या खोकल्यामुळे सगळं बिघडलं. पॉलिशची धूळ वर्षानुवर्षं छातीत जाते, त्याचा तो खोकला. मी काकांना नुसतं म्हटलं की वडिलांना खोकला आहे, त्यांना काय करता येईल. "कामाला कुठे असतात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कंपनीत." काका म्हणाले, "आधी डॉक्टरला दाखव, फोटो काढ छातीचा. आणि त्यांना इथे घेऊन ये."

"त्यांना वेळ नसतो काका."

"मग मी येतो. रविवारी येतो. सेक्टर आठ काय, इथून दहा मिनिटं. आईला सांगून ठेव, चहा बिनसाखरेचा."

 शनिवारी मी सांगितलं की बाबा गावाला गेलेत, संगमेश्वरला. काकांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं. मग पुढच्या रविवारी." तो आठवडा मी गच्चीवर गेलो, पण श्वास आठपर्यंत जाईना. शुक्रवारी ताडासनात उभं असताना काकांनी मागून येऊन दोन बोटांनी माझा डावा खांदा वर उचलला, शर्टाची शिवण सरळ करावी तसा. "परत उतरला हा," म्हणाले. "काय झालंय?" मी काही नाही म्हटलं. ती आमची शेवटची भेट. शनिवारी मी गेलो नाही, रविवारी गेलो नाही, आणि मग सोमवारी कुठल्या तोंडानं जायचं, असं करत करत अभ्यासिकाही सोडली. जानेवारीचा महिना होता. गीताबेनकडे माझा नंबर होता, पण त्याच महिन्यात माझा मोबाइल पडून फुटला, आणि नवा घेतला तो नव्या नंबराचा. खरं सांगायचं तर जुना नंबर चालू ठेवता आला असता. मी ठेवला नाही.

आसनं मात्र सोडली नाहीत. आमच्या खोलीत कॉट आणि मोरी यांच्यामध्ये एक माणूस आडवा होईल एवढीच जागा आहे. मी तिथे पहाटे सतरंजी टाकायचो. आई खड्यांचा ट्रे उचलून माझ्यावरून ओलांडून जायची. शवासनात पडलेलं बघून वडील म्हणायचे, "गेला काय रे हा?" एकदा खोकून खोकून त्यांना बसवेना, तेव्हा मी त्यांच्या मागे बसून त्यांना श्वास सोडायला शिकवलं. चार आकडे मोजत. ते चार दिवस करत होते, मग म्हणाले, "पुरे. आता कामावर कोण जाणार, तू?" पण चार दिवस केलं. मला ते काकांना सांगावंसं वाटलं. डॉक्टरला मात्र मी त्यांना दाखवून आणलं, आता औषध चालू आहे. परीक्षेत हात थरथरले नाहीत. प्रत्येक पेपरच्या आधी मी आठपर्यंत मोजलं आणि प्रत्येक वेळी काकांचा आवाज ऐकू आला, आणि प्रत्येक वेळी ठरवलं की आता जायचं. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. "काका, मी चाळीत राहतो." चारच शब्द होते. पण नुसतं खोटं परत घ्यायला जाण्यापेक्षा हातात काहीतरी चांगलं असावं, असं वाटलं. पास झालो असं आधी सांगू, मग ते सांगू...

निकाल लागला. प्रथम श्रेणी. मी पेढे घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गच्चीवर पोचलो. जिना चढतानाच काहीतरी वेगळं वाटलं. वर काकांचा आवाज नव्हता. मोबाइलमधून कुणीतरी बाई हिंदीत भराभर सूचना देत होती आणि गीताबेन आणि आणखी तिघी तो मोबाइल कठड्याला टेकवून हात वर-खाली करत होत्या. मला बघून गीताबेननी हात खाली घेतले. 

"तू ज़िंदा है?" त्या म्हणाल्या. "कहाँ था तू?"

मी पेढ्यांचा पुडा पुढे केला. म्हटलं, पास झालो, काका कुठे आहेत. त्यांनी पुडा घेतला नाही. "मास्टरजी तो गए बेटा. बाईस दिन हो गए. नींद में." मग मोबाइल बंद करून म्हणाल्या, "नीचे काकी से मिलके जा. मैं कुछ नहीं बोलूँगी, वो बोलेंगी."

तिसऱ्या मजल्यावरचं त्यांचं घर मी पहिल्यांदाच आतून बघत होतो. काकू गुहागरकडच्या, बारीक अंगाच्या. मी नाव सांगितल्यावर त्यांनी दार पूर्ण उघडलं. "संदेश तो तू?" त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मी निकालाचं काही बोललोच नाही. पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं ते मी काकूंना सांगितलं, काकांच्या ऐवजी. "काकू, मी चाळीत राहतो. भाईंदरला."

"आता गेलात तिकडे राहायला?"

"नाही. आधीपासून. जन्मापासून. मी काकांना खोटा पत्ता दिला होता."

काकू उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, गॅस बंद केला, परत आल्या आणि माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. "शांती नगरात कधीच नव्हतास?" त्यांनी परत विचारलं. मी म्हटलं, नाही. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. रागावून नाही. मला वाटतं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी यायचा बंद झाल्यावर काका दोन दिवस थांबले आणि मग माझ्या घरी गेले. सी विंग, चारशे तीन. दार उघडलेल्या बाईनं सांगितलं, इथे या नावाचं कुणी नाही, आम्ही सहा वर्षं राहतो. वॉचमननं सोसायटीचं रजिस्टर काढून दाखवलं. काका घरी येऊन म्हणाले, माझा आकडा चुकला असणार. दुसऱ्या दिवशी ते तीनशे चारला गेले. मग ए विंग, बी विंग. मग सेक्टर सहा, मग नऊ, तशाच नावाची इमारत शोधत. पंधरा दिवस रोज सकाळी वर्ग झाला की जायचे आणि जेवायला उशीर करायचे. काकूंनी म्हटलं, "अहो, पोरानं पत्ताच चुकीचा सांगितला असेल." तर काका त्यांच्यावर डाफरले. "तो कशाला खोटं सांगेल? माझ्या समोर वर्षभर श्वास घेतलाय त्यानं."

मग त्यांनी शोधणं थांबवलं आणि दुसरंच सुरू केलं, स्वतःची आठवण तपासणं. काकूंना मध्येच विचारायचे, तुझ्या भावाची छाती किती होती, गीताबेनचा दुखरा गुडघा उजवा की डावा. मग उत्तर स्वतःच द्यायचे. ते बरोबर असायचं, तरी त्यांना खात्री वाटायची नाही. दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं आणि म्हणाले, आजोबा, तुमची आठवण माझ्यापेक्षा चांगली आहे. काकांनी ते मानलं नाही. बाहेर येऊन काकूंना म्हणाले, त्याला काय कळतंय, तो मला आज बघतोय. फेब्रुवारीत एके सकाळी त्यांनी गच्चीवर सगळ्यांना सांगितलं की मी उद्यापासून शिकवणार नाही. "माझं डोकं आता भरवशाचं राहिलं नाही. उद्या मी विसरेन आणि कुणाला तरी नको ते आसन करायला लावीन. कापड असतं तर उसवून परत शिवलं असतं." गीताबेन रडल्या, पाया पडल्या. पण ते पुन्हा गच्चीवर गेले नाहीत. पुढे पुढे स्वतःची आसनंसुद्धा कमी केली. खिडकीत बसायचे. काकू म्हणाल्या, तसा काही आजार नव्हता, झोपेतच गेले, त्यात कुणाचा दोष नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं.  मला वाटलं संपलं, म्हणून मी उठायला लागलो.

"बस जरा," काकू म्हणाल्या. "गेले त्याच्या आदल्या दुपारचं सांगते. जेवायला बसले होते. घास हातात घेऊन मला म्हणाले, 'सेक्टर आठ, सी विंग, चारशे तीन... मी पुन्हा पुन्हा म्हणून बघतो. यात माझं चुकतंय काय गं?'"